टर्बो मोटारीसाठी इथेनॉल : इंधन यंत्रणेत काय बदलावे, काय बदलू नये

शीळफाटा हे ठिकाण ठाणे जिल्ह्यातील बहुतेकांना वाहतुकीच्या कोंडीमुळे ठाऊक असते. कल्याणकडून, मुंब्र्याकडून, महापेकडून आणि पनवेलकडून येणारे रस्ते येथे एकत्र मिळतात. वाशीच्या बाजार समितीत माल पोहोचविणारा शेतकरी या फाट्यावर एकदा तरी अडकलेला असतोच. डायघर, पडले, देसाई, खिडकाळी या गावांतील भातखाचरे गेल्या काही वर्षांत गोदामांखाली व इमारतींखाली गेली. तरीही काही घरांत वडील अजून पावसाळ्यात भात लावतात, हिवाळ्यात वाल पेरतात, आणि त्याच अंगणात मुलाने घेतलेली टर्बो पेट्रोल मोटार उभी असते. हा लेख त्या अंगणातील दोघांसाठीही आहे.

अलीकडे अशा तरुणांकडून एक प्रश्न वारंवार विचारला जातो. ऊस आपला, मका आपला, त्यापासून होणारे इथेनॉल आपले. मग गाडीचा इंधन पंप मोठा बसवून, इंजेक्टर बदलून ती पूर्ण इथेनॉलवर का चालवू नये? टर्बो इंजिनाला इथेनॉल मानवते असे त्यांनी ऐकलेले असते. हे ऐकणे खरे आहे. परंतु ते अर्धेच खरे आहे, आणि उरलेल्या अर्ध्या भागात इंजिन निकामी होते.

इथेनॉल आपल्या टाकीत केव्हापासून आहे?

पुष्कळांना वाटते की इथेनॉल हा नवा प्रकार आहे. वस्तुतः देशात पॉवर अल्कोहोलचा कायदा १९४८ सालीच झाला होता. त्यानंतर २००१ मध्ये पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे जे प्रायोगिक प्रकल्प घेतले गेले, त्यांपैकी दोन महाराष्ट्रात होते : मिरज आणि मनमाड. तिसरा उत्तर प्रदेशात बरेली येथे होता. २००३ पासून ५ टक्के मिश्रण काही राज्यांत सुरू झाले. २०२२ च्या जूनमध्ये देशाची सरासरी १० टक्क्यांवर पोहोचली. २०२३ च्या फेब्रुवारीत निवडक पंपांवर २० टक्क्यांचे, म्हणजे ई-२० पेट्रोल आले आणि २०२५ मध्ये ते सर्वदूर झाले. म्हणजे आज आपण पंपावर 'साधे पेट्रोल' म्हणून जे भरतो त्यात पाचवा हिस्सा इथेनॉल असते. मार्च २०२४ मध्ये इंडियन ऑइलने महाराष्ट्रासह पाच राज्यांतील १८३ पंपांवर ई-१०० हे इंधन विक्रीस आणले. नावात शंभर असले तरी त्यात सुमारे ९३ टक्के इथेनॉल, ५ टक्के पेट्रोल आणि थोडे सहद्रावक असते.

उसाचा हिशेबही जाता जाता सांगतो, कारण तो आपल्या कामाचा आहे. एक टन उसाच्या रसापासून थेट इथेनॉल केल्यास साधारण ७० लिटर मिळते. साखर काढून उरलेल्या शेवटच्या मळीपासून केल्यास त्याच टनामागे केवळ १० ते ११ लिटर निघते. म्हणजे ४० लिटरची एक टाकी रसाच्या इथेनॉलने भरावयाची तर जवळजवळ सहा क्विंटल ऊस लागतो. मोटार धावते तेव्हा कोणाचे पाणी व कोणाचे रान धावत असते, हे ज्याचे त्याने जाणावे.

टर्बो आणि इथेनॉल यांची जोडी का जमते?

आपल्याकडे टर्बो म्हटले की ट्रॅक्टर, पिकअप आणि डिझेल डोळ्यांसमोर येते. म्हणून प्रथमच स्पष्ट करतो की येथे आपण ठिणगीवर, म्हणजे स्पार्क प्लगवर चालणाऱ्या पेट्रोल टर्बो इंजिनाविषयी बोलत आहोत. डिझेल ट्रॅक्टर, पॉवर टिलर अथवा डिझेल पिकअपच्या टाकीत इथेनॉल किंवा ई-२० पेट्रोल कदापि घालू नये. इथेनॉल दाबाने सहजासहजी पेट घेत नाही आणि डिझेल पंपाला लागणारे वंगणही ते देत नाही.

टर्बो म्हणजे बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात जादा हवा कोंबतो. सायकलच्या पंपाचे टोक हवा भरताना गरम होते, त्याचप्रमाणे कोंबलेली हवाही तापते. तापलेल्या हवेत पेट्रोल वेळेआधीच पेट घेऊ पाहते आणि इंजिन ठोकू लागते. यालाच नॉकिंग म्हणतात. हे टाळण्यासाठी गाडीचा संगणक ठिणगी उशिरा टाकतो आणि टर्बोचा दाब आवरता घेतो. थोडक्यात, टर्बो इंजिनाची ताकद बहुधा इंधनाच्या सहनशक्तीवर अडते.

इथेनॉल येथे दोन प्रकारे उपयोगी पडते. पहिले म्हणजे त्याचा ऑक्टेन आकडा १०८ च्या आसपास आहे. आपल्याकडील साध्या पेट्रोलचा तो ९१ असे, ई-२० चा ९५ आहे. दुसरे म्हणजे इथेनॉल वाफ होताना पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता शोषून घेते. माठातील पाणी जसे माठ गार करते, तसे ते आत येणाऱ्या हवेला गार करते. हवा गार झाली की ठिणगी योग्य वेळी टाकता येते व दाबही वाढविता येतो. स्वीडनमध्ये २००५ साली साब कंपनीने ९-५ या मोटारीचे बायोपॉवर इंजिन विक्रीस आणले. हे दोन लिटरचे टर्बो इंजिन पेट्रोलवर १५० आणि ई-८५ वर १८० अश्वशक्ती देत असे. इंजिन तेच, इंधन निराळे. तरुणांनी ऐकलेले जे अर्धे खरे म्हणतो, ते हे.

आता उरलेले अर्धे

इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो. त्यामुळे ते जाळण्यास हवा कमी लागते आणि एका लिटरमागे मिळणारी उष्णताही कमी असते. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल उष्णता असते, एक लिटर इथेनॉलमध्ये सुमारे २१. म्हणजे दोन तृतीयांश. एक किलो पेट्रोल नीट जळण्यास १४.७ किलो हवा लागते; एक किलो इथेनॉलला अवघी ९ किलो पुरते.

याचा व्यावहारिक अर्थ असा की इंजिनात हवा तेवढीच गेली, तर इथेनॉल जास्त सोडावे लागते. ई-२० साठी पूर्वीच्या शुद्ध पेट्रोलपेक्षा सुमारे ७ ते ८ टक्के अधिक इंधन लागते, ई-८५ साठी सुमारे ४० टक्के आणि शुद्ध इथेनॉलसाठी सुमारे ५० टक्के. हे आकडे लक्षात ठेवावेत, पुढील सर्व गोष्टी यांवरच उभ्या आहेत.

आधुनिक गाडीचा संगणक धुराच्या नळीतील ऑक्सिजन सेन्सरकडे पाहून इंधन थोडे कमी-जास्त करीत असतो. ही मोकळीक साधारणपणे २० ते २५ टक्क्यांपर्यंत असते. ई-२० ची गरज त्यात सहज बसते, ई-८५ ची बसत नाही. शिवाय ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर बऱ्याच गाड्यांचा संगणक सेन्सरवर फारसा विसंबत नाही, ठरलेल्या तक्त्याप्रमाणे इंधन सोडतो. म्हणजे ज्या क्षणी टर्बो सर्वांत जास्त हवा कोंबतो, नेमक्या त्याच क्षणी इंधन कमी पडण्याचा धोका असतो. चुलीत लाकूड थोडे आणि फुंकणीचा वारा जास्त झाला, तर जाळ कसा होतो ते आपण जाणतो. इंजिनात तोच प्रकार झाला की पिस्टनचा माथा वितळतो, व्हॉल्व्ह जळतो. गाडी एका फेरीत बिघडते असे नाही. महिनाभर छान चालते, आणि घाटात माल-माणसे भरून चढताना बसते.

इंधन यंत्रणेचा मार्ग टाकीपासून पाहू

टाकी : इथेनॉल हवेतील ओल ओढून घेते. जुन्या लोखंडी टाकीत हे पाणी तळाशी गंज धरते. शिवाय इथेनॉल उत्तम द्रावक असल्याने टाकीत वर्षानुवर्षे बसलेला चिकटा सोडवून पुढे नेते. म्हणूनच जुन्या गाडीत इथेनॉलयुक्त इंधन सुरू केल्यावर पहिल्या काही टाक्यांतच फिल्टर चोंदतो व लोक इथेनॉलला दोष देतात. कचरा आपलाच असतो. अशा वेळी एक फिल्टर लवकर बदलला की काम भागते. नवीन गाड्यांच्या प्लॅस्टिकच्या टाक्यांना गंजाची भीती नाही.

रबरी नळ्या व वायसर : जुन्या गाड्यांतील साधे नायट्राइल रबर इथेनॉलमध्ये फुगते, पुढे कडक होऊन भेगाळते. त्याजागी फ्लुओरो रबराच्या, ज्याला बाजारात व्हिटॉन म्हणतात, त्याच्या नळ्या व ओ-रिंग वापराव्यात. खर्च मोटारीच्या मानाने थोडा आहे. इंजेक्टरची छोटी ओ-रिंग विसरू नये. ती गळली तर पेट्रोल थेट गरम इंजिनावर पडते.

पंप : टाकीतील विजेचा पंप इंधनातच बुडालेला असतो. पेट्रोल वीज वाहून नेत नाही, इथेनॉल थोडी नेते आणि त्यात पाणी असल्यास अधिक. त्यामुळे इथेनॉलसाठी न बनविलेल्या पंपाचे ब्रश व तांब्याचे भाग लवकर झिजतात. 'मोठा पंप' घेण्यापेक्षा 'इथेनॉलचा पंप' घेणे महत्त्वाचे. मोठा पंप बसविल्यास त्याची जुनी बारीक वायर तापते व पंपाला पूर्ण दाबाची वीज मिळत नाही. तेव्हा रिले व जाड वायर त्यासोबतच बदलावी लागते. गॅरेजमध्ये हे काम हमखास राहून जाते.

इंजेक्टर : येथे आपण एक हिशेब करू. समजा गाडीला १२० अश्वशक्तीचे तीन सिलिंडरचे टर्बो इंजिन आहे. पूर्ण भारावर ते ताशी सुमारे ३५ लिटर पेट्रोल पिते. (दचकू नये. रस्त्यावर पूर्ण भार काही सेकंदच असतो.) म्हणजे मिनिटाला सुमारे ५८५ मिलिलिटर, एका इंजेक्टरच्या वाट्याला १९५. इंजेक्टर सतत उघडा ठेवता येत नाही, ८५ टक्के वेळ उघडा धरला तर त्याची क्षमता मिनिटाला २३० मिलिलिटर हवी. शुद्ध इथेनॉलसाठी हाच आकडा दीडपट, म्हणजे ३४५ होतो. पंपानेही ताशी ३५ ऐवजी ५२-५३ लिटर, तेही पूर्ण दाबाने, दिले पाहिजे. आपल्या गाडीचे आकडे घालून हा हिशेब मेकॅनिककडून कागदावर करून घ्यावा. ज्याला तो करता येत नाही, त्याच्या हाती गाडी देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

थेट फवारा असलेले इंजिन

आजच्या टर्बो मोटारींत दोन प्रकार आहेत आणि येथेच बहुतेक चुका होतात. एका प्रकारात इंजेक्टर हवेच्या नळीत, व्हॉल्व्हच्या अलीकडे इंधन फवारतो. याला पोर्ट इंजेक्शन म्हणतात. दुसऱ्यात तो थेट सिलिंडरमध्ये फवारतो. यात टाकीतील पंपाशिवाय इंजिनावर दुसरा उच्च दाबाचा पंप असतो, जो इंधनाचा दाब २०० बारच्या आसपास किंवा त्याहून वर नेतो. आपल्या फवारणीच्या एचटीपी पंपाचा दाब २० ते ४० बार असतो, त्यावरून कल्पना यावी.

इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असताना एका फेऱ्यास १० मिलिसेकंद लागतात. पोर्ट इंजेक्शनमध्ये दोन फेऱ्यांचा पूर्ण वेळ, म्हणजे २० मिलिसेकंद हाताशी असतात. थेट फवाऱ्यात मात्र हवा आत येताना आणि ती दाबली जाण्याआधी फवारा संपवावा लागतो. उपयोगाचा वेळ जेमतेम ५ मिलिसेकंदांचा. त्यात दीडपट इंधन बसवायचे तर इंजेक्टरही मोठा हवा आणि उच्च दाबाचा पंपही. पंप कॅमच्या उंचवट्यावर चालत असल्याने कधी कॅमही बदलावा लागतो. फवाऱ्याचा झोत सिलिंडरच्या भिंतीवर आदळला तर इंधन ऑइलमध्ये उतरते. हे काम फाट्यावरच्या गॅरेजचे नव्हे. कंपनीच्या प्रयोगशाळेचे आहे. आपल्या गाडीत कोणता प्रकार आहे हे पुस्तिकेत पाहावे अथवा अधिकृत सेवा केंद्रात विचारावे. थेट फवाऱ्याची गाडी असेल तर ई-८५ किंवा ई-१०० चा विचार येथेच सोडून द्यावा.

पोर्ट इंजेक्शनच्या गाडीत बदल शक्य आहे, परंतु त्याचा क्रम चुकता कामा नये. आधी नळ्या, ओ-रिंग व फिल्टर. मग पंप व त्याची वायर. मग इंजेक्टर. त्यानंतर इंधनातील इथेनॉलचे प्रमाण मोजणारा सेन्सर. हा सेन्सर इंधनाच्या विद्युत गुणधर्मावरून टक्केवारी ओळखतो व संगणकाला कळवितो, जेणेकरून टाकीत ई-२० असो वा ई-१००, तक्ता आपोआप बदलतो. सेन्सर न बसविता संगणकात फक्त ई-१०० चा तक्ता घातला, आणि पुढच्या गावी ई-१०० मिळाले नाही म्हणून साधे पेट्रोल भरले, तर इंजिन इंधनाने गुदमरते व ऑक्टेन कमी पडून ठोकतेही. उलट बाजूने, पेट्रोलच्या तक्त्यावर ई-१०० भरले तर इंधन कमी पडून जळते. मग येतात एक पायरी थंड स्पार्क प्लग. टर्बोचा दाब वाढविणे हे अगदी शेवटी, आणि तेही रुंद पल्ल्याच्या ऑक्सिजन मीटरवर पूर्ण भाराची चाचणी झाल्यावर. आमच्या पाहण्यात आलेले तरुण नेमके या शेवटच्या पायरीपासून आरंभ करतात, कारण तिचा फरक पायाला लगेच जाणवतो.

थंडीत इथेनॉल पेट घ्यायला कुरकुरते, म्हणून ब्राझीलच्या जुन्या इथेनॉल गाड्यांत सुरू करण्यापुरती पेट्रोलची छोटी टाकी असे. ठाणे-कल्याणच्या हवेत ही अडचण येणार नाही.

शीळफाट्यासारख्या ठिकाणी मात्र एक निराळी अडचण आहे. घर ते स्टेशन असा तीन-चार किलोमीटरचा प्रवास आणि त्यात पाऊण तास कोंडी. इंजिनाचे ऑइल पुरेसे तापत नाही, न जळलेले इथेनॉल व पाणी ऑइलमध्ये साचते. डिपस्टिकवर अगर झाकणाखाली दुधी फेस दिसला तर हेच समजावे. इथेनॉल जास्त वापरणाऱ्याने ऑइल निम्म्या अंतरावर बदलावे आणि आठवड्यातून एकदा तरी गाडी मोकळ्या रस्त्यावर अर्धा तास सलग चालवावी.

नागपूरच्या बसचा धडा

इंधन यंत्रणा बदलून टर्बो इंजिन इथेनॉलवर चालविण्याचा मोठा प्रयोग महाराष्ट्रात झालेला आहे. २०१४ मध्ये नागपूर शहरात स्कॅनिया कंपनीची इथेनॉलवर चालणारी बस आली, आणि पुढे अशा बसगाड्यांचा ताफा सेवेत दाखल झाला. हे मूळचे डिझेल जातीचे इंजिन. त्यात ठिणगी नाही, म्हणून इथेनॉल दाबाने पेटावे यासाठी दाबाचे प्रमाण २८ ला १ इतके नेलेले होते (साध्या डिझेल इंजिनात ते १६ ते १८ असते), आणि इंधनात पेट घेण्यास मदत करणारे द्रव्य मिसळलेले असे. मोठे इंजेक्टर, निराळे रबर, निराळे फिल्टर, मोठी टाकी, सगळे कारखान्यातून केलेले. २०१८ मध्ये ही सेवा बंद झाली, ती व्यवहाराच्या प्रश्नांवरून. येथे लक्षात घ्यावयाचे ते एवढेच की डिझेल इंजिन इथेनॉलवर नेणे म्हणजे काय उलथापालथ असते.

पेट्रोल जातीत कारखान्यातून तयार होऊन आलेली उदाहरणेही आहेत. टीव्हीएसने जुलै २०१९ मध्ये अपाची आरटीआर २०० ही इथेनॉलवर चालणारी मोटारसायकल आणली व ती सुरुवातीस महाराष्ट्र, उत्तर प्रदेश आणि कर्नाटकातच विकावयाचे ठरविले. होंडाने २०२४ मध्ये सीबी-३००एफ ची ई-८५ पर्यंत चालणारी आवृत्ती आणली. मोटारींत मारुतीने वॅगन-आरचा नमुना डिसेंबर २०२२ मध्ये व टोयोटाने इनोव्हा हायक्रॉसचा नमुना ऑगस्ट २०२३ मध्ये दाखविला.

कायदा आणि खिसा

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरविलेल्या तपशिलाहून वेगळा असा बदल गाडीत परवानगीशिवाय करता येत नाही. आरसी बुकावर इंधनाचा प्रकार लिहिलेला असतो. इंधन बदलले, आरसी बदलले नाही, आणि पुढे आग लागली किंवा अपघात झाला, तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. वॉरंटीचेही तेच. म्हणून ठाणे अथवा कल्याणच्या परिवहन कार्यालयात व विमा कंपनीकडे आधी लेखी विचारणा करावी.

काही जण साखर कारखान्यातील ओळखीने स्पिरिट मिळवून टाकीत घालण्याच्या गोष्टी करतात. हा दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. शिवाय अशा स्पिरिटमध्ये ५ टक्क्यांच्या आसपास पाणी असते. ते पेट्रोलमध्ये मिसळताच फाटते.

खिशाचा हिशेब सोपा आहे. इथेनॉलवर ॲव्हरेज सुमारे दोन तृतीयांश मिळते. चांगल्या जुळवलेल्या टर्बो इंजिनात थोडे अधिक. ब्राझीलमधील मोटारवाले पंपावर पाटी पाहून ठरवितात : इथेनॉलचा दर पेट्रोलच्या ७० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर इथेनॉल, नाहीतर पेट्रोल. समजा पेट्रोल १०० रुपये आहे आणि गाडी लिटरला १६ किलोमीटर देते, म्हणजे किलोमीटरला सव्वासहा रुपये. इथेनॉलवर ती ११ किलोमीटर देईल. इथेनॉल ६९ रुपयांच्या वर असेल तर आपण तोट्यात आहोत, आणि त्यात पंप-इंजेक्टरचा खर्च अजून धरलेलाच नाही.

ई-२० पुरता बोलायचे तर नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच जुन्या पद्धतीच्या चारचाकींचे ॲव्हरेज ६ ते ७ टक्क्यांनी व दुचाकींचे ३ ते ४ टक्क्यांनी घटेल असे म्हटले आहे. ई-२० साठीच जुळवलेल्या गाडीत घट १ ते २ टक्के. एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या गाड्यांचे रबर व धातू ई-२० ला चालणारे आहेत. त्या गाडीत ई-२० साठी काहीही बदलू नये. त्याआधीच्या गाडीत नळ्या व फिल्टर तपासून घ्यावेत, एवढेच.

घरच्या घरी इथेनॉल कसे मोजावे?

ही चाचणी प्रत्येकाने एकदा तरी करून पाहावी. उघड्यावर, सावलीत, विडी-काडी व चूल यांपासून दूर बसावे. १०० मिलिलिटरची खुणा असलेली काचेची नळी घ्यावी (औषध फवारणीचे प्लॅस्टिकचे माप घेऊ नये). तीत १० मिलिलिटर स्वच्छ पाणी ओतावे आणि वर १०० च्या खुणेपर्यंत पेट्रोल. तोंड बंद करून हलवावे, अधूनमधून बूच सैल करून वाफ सोडावी. मग पंधरा मिनिटे स्थिर ठेवावे. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात उतरते व खालचा थर वाढतो. थराची रेघ २७-२८ वर आली तर पेट्रोल ई-२० आहे. रेघ १९ वर असेल तर ई-१०. रेघेच्या आकड्यातून १० वजा करावेत व उत्तराला ९० ने भागून १०० ने गुणावे, म्हणजे टक्केवारी मिळते. उरलेले पेट्रोल टाकीत परत घालू नये, गटारात अथवा विहिरीजवळही ओतू नये.

याच चाचणीत आणखी एक गोष्ट डोळ्यांनी दिसते. टाकीत पावसाचे पाणी गेले तर आतही हेच घडते : इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी बसते, आणि पंप तळातूनच ओढतो. म्हणून कोंडीत पाणी साचलेल्या रस्त्यातून गाडी काढल्यावर ती धक्के देऊ लागली, तर पुन्हा पुन्हा स्टार्टर मारू नये. टाकी रिकामी करून घ्यावी.

मोटारीपेक्षा जपावी अशी यंत्रे

मोटारीला निदान संगणक असतो. आपला भाताचा पेंढा व बांधावरचे गवत कापणारा ग्रासकटर, पाठीवरचा पेट्रोल फवारणी पंप, पाणी उपसण्याचा छोटा पेट्रोल पंप यांना तो नाही. यांत कार्बोरेटर आहे, त्याचे भोक ठरलेले, त्यामुळे ई-२० वर मिश्रण आपोआप पातळ पडते व इंजिन जास्त तापते. यांतील पडदे व बारीक नळ्याही साध्या रबराच्या असतात. पावसाळ्यात वापरून दिवाळीनंतर माळ्यावर टाकलेले यंत्र पुढच्या जूनमध्ये सुरू होत नाही, त्याचे कारण बहुतेक वेळा हेच. हंगाम संपताच टाकी पूर्ण रिकामी करावी, यंत्र चालू करून ते आपणहून बंद पडेपर्यंत चालू द्यावे, मगच ठेवावे. टू-स्ट्रोक यंत्रासाठी ऑइल मिसळलेले पेट्रोल दोन-तीन आठवड्यांपेक्षा जास्त साठवू नये, आणि डबा अर्धवट रिकामा ठेवू नये. रिकाम्या जागेतील दमट हवेतूनच पाणी येते. इंजिन तापून आवाज पातळ येऊ लागला तर कार्बोरेटर कंपनीच्या सेवा केंद्रातून जुळवून घ्यावा, स्वतः स्क्रू फिरवू नये.

ई-१०० हाताळावे लागलेच तर ध्यानात असू द्यावे की त्याची ज्योत फिकट निळी असते व भर उन्हात ती दिसतच नाही. सांडलेल्या जागी हात नेण्यापूर्वी वाळलेला गवताचा काडा पुढे करून पाहावा. गाडीत कोरड्या पावडरचा अग्निशामक ठेवावा आणि त्याची मुदत पावसाळ्यापूर्वी तपासावी.